‘विद्राव्य’ की ‘विरघळलेलं’? खोल समुद्रातल्या सेंद्रिय द्रव्याबद्दल

प्रश्न असा आलाय: एक ताई समुद्रविज्ञानावरचा लेख मराठीत लिहितायत, त्यात ‘डीप ओशन’मधल्या ‘डिझॉल्व्ड ऑर्गॅनिक मॅटर’ला त्यांनी ‘समुद्रतळाचे विद्राव्य जैविक पदार्थ’ असं म्हटलंय आणि ते बरोबर आहे का असं विचारलंय.

ताई, मी यातले चारही शब्द बदलीन, आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण इथे शब्द चुकला की विज्ञानच चुकतं.

आधी विद्राव्य. श्राव्य म्हणजे ऐकता येण्याजोगं, ऐकलेलं नव्हे, तसंच विद्राव्य म्हणजे विरघळू शकेल असं. विद्राव्य खत पोत्यात कोरडं ठणठणीत असतं तरी ते विद्राव्यच. तुम्हाला म्हणायचंय ते पाण्यात ऑलरेडी विरघळून बसलंय, म्हणजे एक शब्द क्षमता सांगतो आणि दुसरा अवस्था सांगतो, तेव्हा इथे साधं ‘विरघळलेलं’ लिहा. ‘विद्रुत’ हा शब्दही व्याकरणाला चोख बसतो, पण दहातले नऊ जण तो ‘विद्युत’ असा वाचतील आणि उरलेल्याला प्रूफरीडर गाठेल.

तसं बघितलं तर ‘विरघळलेलं’ हासुद्धा इथे एक ठरवून घेतलेला शब्द आहे बरं का. बोटीवर खोलातलं पाणी वर आणतात आणि काचतंतूंच्या फिल्टरमधून गाळतात, त्याची छिद्रं साधारण 0.7 मायक्रॉनची, (काही जण 0.2 चा वापरतात), जे वर अडकलं ते कणरूप आणि जे खाली उतरलं ते विरघळलेलं, एवढीच व्याख्या. म्हणजे विषाणू, अतिसूक्ष्म कलिलं (पाण्यात तरंगत राहणारे बारीक कण), अगदी बारके जिवाणूसुद्धा या ‘विरघळलेल्या’त मोजले जातात. हे एका वाक्यात लेखात सांगाच, वाचकाला उगाच साखरेसारखं काहीतरी डोळ्यासमोर यायला नको.

‘जैविक’ मला इथे पटत नाही. मराठीत जैविक म्हटलं की जिवंत काहीतरी वाटतं, जैविक कीडनियंत्रण, जैविक शस्त्र वगैरे. हे द्रव्य सजीवांपासून आलेलं आहे पण स्वतः जिवंत नाही. काही जण ‘कार्बनी’ सुचवतील, रसायनशास्त्रात तो छान चालतो, पण समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपातही प्रचंड कार्बन असतो, सेंद्रियपेक्षा कितीतरी पट जास्त, आणि तो याच्यात धरायचा नाही हाच तर मुद्दा आहे. तेव्हा ‘सेंद्रिय’. माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये ‘सेंद्रिय कर्ब’ असतो ना, शेतकरी तो शब्द रोज वापरतात, मग ‘विरघळलेला सेंद्रिय कर्ब’ म्हटलं की प्रयोगशाळेत ज्याला डीओसी (डिझॉल्व्ड ऑर्गॅनिक कार्बन) म्हणतात ते आपोआप मिळालं. इतका तयार, रुळलेला शब्द हाताशी असताना नवा घडवायची गरजच नाही, मला तर तो फार आवडतो.

पदार्थ की द्रव्य? पदार्थ म्हटलं की एकेक वेगळा ओळखता येतो असं वाटतं. इथे हजारो प्रकारचे रेणू एकत्र आहेत, त्यातल्या बऱ्याचशांची रचना अजून उलगडलेली नाही, म्हणून सगळ्याचं मिळून एकवचनी ‘द्रव्य’ बरं. फक्त छापताना ‘द्रव’ होऊ देऊ नका. आणि ‘समुद्रतळ’ नको, ‘खोल समुद्र’ म्हणा, तळ म्हणजे जमीन आणि इथे गोष्ट पाण्याची चाललीय.

आता प्रमाण बघा म्हणजे हे मोजणं किती नाजूक आहे ते कळेल. खोल समुद्राच्या एक लिटर पाण्यात मीठ साधारण 35 ग्रॅम आणि हा सेंद्रिय कर्ब जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. बोटाचा तेलकटपणा लागला तरी आकडा बिघडतो, म्हणून काचेच्या बाटल्या नि फिल्टर आधी 450 अंशांच्या आसपास भाजून घेतात. मग नमुन्यात आम्ल घालून, त्यातून शुद्ध वायू फिरवून बायकार्बोनेटचा कार्बन उडवून लावायचा, उरलेलं उत्प्रेरकावर 700 अंशांच्या जवळपास जाळायचं आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. आणि एवढंसंच असूनही सगळ्या महासागरांचं मिळून ते सुमारे 660 अब्ज टन कार्बन भरतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या कार्बनशी तुलना व्हावी इतकं!

पण तुमच्या लेखात खरा अडचणीचा शब्द पुढे येणार आहे, ‘रिफ्रॅक्टरी’, म्हणजे ज्याचं विघटन सहजी होत नाही असं. पीटर विल्यम्स आणि एलेन ड्रफेल या संशोधकांनी 1987 मध्ये उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यातल्या या द्रव्याचं रेडिओकार्बन वय (किरणोत्सारी कार्बन किती उरलाय त्यावरून काढलेलं वय) सुमारे 6000 वर्षं असल्याचं दाखवलं. हे सरासरी वय आहे, प्रत्येक रेणूचं नाही, तरी खोल समुद्राचं पाणी साधारण हजारेक वर्षांत फिरून वर येतं, म्हणजे यातलं बरंचसं द्रव्य अशा अनेक फेऱ्या करूनही जिवाणूंनी खाल्लेलं नाही. याला ‘चिवट’ म्हणावंसं वाटतं, मलाही पहिल्यांदा तोच सुचला, ‘चिवट सेंद्रिय द्रव्य’ कानाला किती छान लागतं.

पण थांबा. चिवट म्हटलं की दोष रेणूच्या अंगी लावला. दुसरं एक म्हणणं असंय की रेणू खाण्याजोगे असतीलही, पण एकेक प्रकार इतका विरळ पसरलेला आहे की तो गोळा करून खाणं जिवाणूला परवडत नाही. 2015 मध्ये खेसूस अर्रिएता आणि सहकाऱ्यांनी खोल पाण्यातलं हेच द्रव्य दाट करून तिथल्याच जिवाणूंना दिलं तर ते वाढले. त्यावरून वाद झाला, चिवटपणा खराच आहे म्हणणाऱ्यांचेही पुरावे तगडे आहेत, बहुधा दोन्ही थोडं थोडं असावं. म्हणजे पुन्हा तेच विद्राव्य-विरघळलेलंसारखं झालं, एक शब्द अंगचा गुण सांगतो नि दुसरा परिस्थिती, आणि ‘चिवट’ लिहिलंत तर तुम्ही नकळत एका बाजूने निकाल देऊन टाकता.

म्हणून मी तिथे ‘दीर्घकाळ टिकून राहिलेलं’ असं लिहीन, लांब आहे खरं, पण जेवढं दिसलंय तेवढंच सांगतं. ‘चिवट’ शब्द वाद समजावताना वापरा, तिथे तो शोभेल. आणि तुमचं शीर्षक असं करता येईल: ‘खोल समुद्रातलं विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य’.