फोन कोण उचलतं ते आधी बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस की फॉस्टरमधून, म्हणजे आईवडिलांपासून तात्पुरतं दूर ठेवून सरकारने दुसऱ्या घरात सांभाळायला दिलेल्या मुलांमधून, मूल दत्तक घ्यायचं तर थेट न्यू जर्सी राज्याकडे नाव नोंदवावं की खासगी एजन्सी गाठावी. तुम्ही आज एडिसनला आहात आणि नवऱ्याची टेक्सासला बदली व्हायचंही घाटतंय, तेही धरून सांगते. तुझ्या प्रश्नावरून असं वाटतं, की राज्याकडे मुलांची एक यादी आहे आणि एजन्सीकडे दुसरी, असा तुमचा समज आहे. तसं नसतं. फॉस्टरमधलं मूल न्यायालयाच्या आदेशाने सरकारच्या ताब्यात असतं, मग तुमच्या घराचा परवाना कुणी का काढून दिलेला असेना. एजन्सी तुमचं घर तपासते, तुम्हाला प्रशिक्षण देते, कागद पुरे करते आणि मूल घरी आल्यावर तुमच्या पाठीशी राहते, निदान राहायला हवी. म्हणजे या दोन दारांतून तुम्ही मूल निवडत नाही, अडीअडचणीला कुणाला हाक मारायची ते निवडता.

पैशाचा घोळ आधी मिटवून टाकू. तुझ्या मैत्रिणीला एजन्सीने तीस-चाळीस हजार डॉलर सांगितले ते नवजात बाळाच्या खासगी दत्तकाचे. तो मार्ग वेगळा. फॉस्टरमधून दत्तक घेताना दोन्हीकडे खर्च जवळपास शून्य असतो, कारण एजन्सीचा खर्च राज्य उचलतं. वकील, कोर्ट वगैरे एकदाच होणारा खर्च बहुतेक मुलांच्या बाबतीत राज्याकडून परत मिळतो. केंद्राच्या नियमात त्याला मुलामागे २,००० डॉलरची मर्यादा आहे आणि काही राज्यांनी ती आणखी कमी ठेवली आहे. ‘फॉस्टर अडॉप्शन’ म्हणत कुणी मोठी फी मागितली तर ती नेमकी कशाची, हे लेखी घे.

आता राज्याराज्यांतला फरक. न्यू जर्सीत राज्याचा बालसंरक्षण विभाग स्वतःच घरं शोधतो आणि परवान्याचं काम पाहतो. खासगी संस्था जास्त करून उपचारांची गरज असलेल्या मुलांच्या घरांसाठी असतात. तिथे सरळ राज्याकडे जाणं हाच मळलेला रस्ता आहे. टेक्सासमध्ये उलट चित्र आहे. तिथे बहुतेक फॉस्टर घरं खासगी एजन्सीमार्फत चालतात आणि २०१७ च्या कायद्यानंतर एकेका विभागाचं कामच कंत्राटदार संस्थेकडे जाऊ लागलं आहे. कॅन्सस आणि फ्लोरिडाने तर ही व्यवस्था फार आधीच खासगी हातांत दिली. कॅलिफोर्नियात सगळं काउंटीवर, म्हणजे जिल्ह्यावर. तेव्हा मंडळातल्या टेक्सासच्या, ह्यूस्टनच्या ताईंनी एजन्सीची शिफारस केली ती त्यांच्यापुरती बरोबर आहे, पण एडिसनला ती जशीच्या तशी लागू होत नाही.

जिथे दोन्ही दारं उघडी आहेत, तिथे फरक कसा पडतो ते बघ. मुलाला रात्री घर हवं असतं तेव्हा राज्याचा माणूस बऱ्याच ठिकाणी आधी राज्याच्या स्वतःच्या घरांना फोन लावतो आणि तिथे जागा नसेल तर एजन्स्यांना. त्यामुळे थेट राज्याकडच्या घरांना फोन जास्त येतात, लहान मुलांसाठीही येतात. एजन्सीकडे येणाऱ्या मुलांची गरज अनेकदा मोठी असते: भावंडांची तिकडी, वर्तनाचे प्रश्न, सतत थेरपी. त्या बदल्यात एजन्सीच्या कार्यकर्तीकडे घरं कमी असतात आणि ती तुम्हाला नावाने ओळखते. राज्याचा कार्यकर्ता कामाखाली वाकलेला असतो आणि वर्षाला बदलूही शकतो. एजन्सीतही माणसं टिकतातच असं नाही, म्हणून विचारायचं: ‘तुमच्याकडच्या कार्यकर्त्या सरासरी किती वर्षं टिकतात? एका कार्यकर्तीकडे किती घरं असतात? रात्री दोनला मूल घरातून निघून गेलं तर मी कुणाला फोन करू, आणि तो माणूस उचलतो की यंत्र?’ हे शेवटचं पडताळून बघता येतं. एखाद्या शनिवारी रात्री त्यांच्या आपत्कालीन नंबरवर फोन लावून बघ. नम्रपणे सांग की नाव नोंदवायचा विचार आहे, म्हणून नंबर चालतो का ते बघत होते. चांगली संस्था रागावत नाही.

एजन्सीची आर्थिक तब्येतही विचार. एजन्सी बंद पडली तर तुमचा परवाना दुसरीकडे हलवावा लागतो, आणि मूल घरात असताना ते निस्तरणं म्हणजे मनस्ताप. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये मोठ्या विमा कंपनीने अशा एजन्स्यांचा विमा पुढे न चालवायचं ठरवलं तेव्हा कितीतरी घरांचा जीव टांगणीला लागला होता.

आपल्या लोकांनी खास विचारावी अशी एक गोष्ट म्हणजे धर्म. पुष्कळ खासगी एजन्स्या चर्चशी जोडलेल्या आहेत. त्यांतल्या अनेक कुणालाही मदत करतात, काही मात्र फक्त आपल्या श्रद्धेच्या कुटुंबांनाच घेतात. टेक्सासने २०१७ मध्ये आणि टेनेसीने २०२० मध्ये अशा संस्थांना संरक्षण देणारे कायदे केले. सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर श्रद्धेच्या निवेदनावर सही मागितली जाण्यापेक्षा पहिल्याच फोनवर ‘आम्ही हिंदू आहोत, चालेल ना?’ असं विचारून मोकळं व्हावं. राज्याच्या दारात हा प्रश्न येत नाही. उलट बाजूही लक्षात घे: मुलाचा धर्म ठरवायचा हक्क दत्तक पुरं होईपर्यंत तुमच्याकडे नसतो. मूल स्वतःहून आरतीला उभं राहिलं तर छानच, पण त्याला रविवारी चर्चला जायचं असेल तर तुम्ही न्यायचं. कान टोचणं नाही, जावळ नाही, परवानगीशिवाय केसही कापायचे नाहीत. चेहरा ओळखू येईल असा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, अगदी नाशिकच्या आजीसाठीसुद्धा.

घराच्या तपासणीचा लोक उगाच धसका घेतात. तुझ्या भाषेत सांगते. औषधं कुलपात, त्यात सितोपलादी, बाम आणि फोडणीच्या कपाटातला सोडाखार हेही आलं. देवघरातली काडेपेटी आणि लायटर मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी. अखंड दिवा लावत असाल तर तो विजेचा करा. स्वयंपाकघरात अग्निशामक, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म, नळाचं गरम पाणी १२० अंश फॅरेनहाइटच्या आत. मुलाला स्वतःचा पलंग हवा. ‘आपण सगळे खाली गादी टाकून झोपू’ हे चालत नाही. आणि तुम्ही दोघंही शिक्षेबद्दलच्या कागदावर सही कराल तेव्हा तो नीट वाचा: हात उचलायचा नाही, चापटही नाही, जेवण बंद ठेवायचं नाही, अंधारात उभं करायचं नाही. ‘आम्हालाही मार पडायचा आणि काही बिघडलं नाही’ हे वाक्य होम स्टडीच्या, म्हणजे घर आणि कुटुंब पारखण्याच्या, मुलाखतीत बोलू नको. खरं तर मनातूनही काढून टाक. मार खाऊनच आलेल्या मुलावर त्याचा परिणाम वेगळा होतो.

सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार असतील तर ते आत्ताच सांग. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासली जाते. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्यानुसार बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक राज्याची बाल-अत्याचार नोंदवही बघितली जाते. होम स्टडी अडकते ती बहुधा इथेच. तुम्ही तीन राज्यांत राहिलात, म्हणजे तीन पत्रं, आणि त्यातलं एखादं राज्य दोन महिने उत्तरच देत नाही. भारतातलं पोलीस क्लिअरन्स मागतात का, हेही आधी विचार. दूतावासामार्फत ते मिळवायला वेळ लागतो. व्हिसाचा प्रश्नही पहिल्याच फोनवर काढ. कायम रहिवासी असण्याची अट सगळीकडे सारखी नाही.

आता तुझ्या पत्रात नसलेली गोष्ट. फॉस्टरचा पहिला हेतू दत्तक देणं नसून मूल आपल्या आईवडिलांकडे परत जाणं हा आहे. व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी घरी परततात. ३० सप्टेंबर २०२३ रोजी देशभर सुमारे ३ लाख ४३ हजार मुलं फॉस्टरमध्ये होती आणि त्या वर्षात सुमारे ५० हजार मुलांचं दत्तक झालं. १९९७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मूल २२ पैकी १५ महिने व्यवस्थेत राहिलं तर राज्याने पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज करायला हवा, पण त्याला अपवाद आहेत आणि अर्ज केला म्हणजे निकाल लागला असं नाही. शिवाय मावशी-काका पुढे आले तर त्यांना प्राधान्य. न्यू जर्सीने २०२१ मध्ये नातेवाइकांची बाजू आणखी भक्कम केली. म्हणून नाव नोंदवताना स्पष्ट ठरवा: पालकांचे हक्क आधीच संपलेलं मूलच हवं, की परत जाण्याची शक्यता असलेलं मूलही चालेल? पहिल्या प्रकारात वाट पाहणाऱ्या मुलांचं सरासरी वय साडेसात-आठच्या आसपास असतं आणि भावंडांच्या जोड्या पुष्कळ असतात. दुसऱ्या प्रकारात तान्हं बाळही येऊ शकतं, पण वर्षभर त्याच्या आईच्या भेटींना त्याला तुम्हीच न्यायचं, आणि एक दिवस बॅग भरून द्यायचीही तयारी ठेवायची. एजन्सी जर सांगत असेल की ‘आमच्याकडे बाळं येतात आणि राहतात’, तर तिथून उठून ये.

‘आपल्यासारखं दिसणारं मूल’ ही अट धरू नको. या व्यवस्थेत आशियाई वंशाची सगळी मुलं मिळून एक टक्क्याच्या आसपास आहेत. वंशावरून मूल देण्यात चालढकल करायला केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना १९९४ आणि १९९६ च्या कायद्यांनी बंदी घातली आहे, म्हणजे तुमच्या रंगामुळे कुणी तुम्हाला अडवू शकत नाही. आणि फॉर्मवरचं ‘इंडियन’ वाचून गोंधळू नको, तिथे अमेरिकेतल्या आदिवासी जमातींबद्दल विचारलेलं असतं. त्यांच्या मुलांसाठी १९७८ चा स्वतंत्र कायदा आहे.

मूल ठरलं की पूर्ण फाइल माग. दोन पानांचा गोडगोड सारांश देऊन भागवतात. जन्माच्या वेळचे कागद, आईने गरोदरपणात दारू किंवा अमली पदार्थ घेतले होते का, आधीच्या घरांतून मूल का हललं, शाळेची विशेष शिक्षण योजना, औषधांची यादी, हे सगळं बघितल्याशिवाय दत्तकासाठीच्या ताब्याच्या कागदावर सही करू नको. इथे चांगल्या एजन्सीचा खरा उपयोग होतो: तिची अनुभवी कार्यकर्ती फाइल वाचून सांगते की चार वर्षांत सहा घरं बदलली याचा अर्थ काय. राज्याकडून गेलात तर हा प्रश्न मुलाच्या केसवर्करला तुम्हालाच विचारावा लागेल.

दत्तक अनुदानाचा, म्हणजे दत्तकानंतर मुलासाठी राज्याकडून मिळणाऱ्या मदतीचा, करार तर डोळ्यांत तेल घालून बघ. तो न्यायालयाच्या अंतिम आदेशाआधी सही झालेला असला पाहिजे. नंतर मिळवणं महाकठीण. अनुदान ‘स्पेशल नीड्स’ ठरलेल्या मुलासाठी असतं, पण त्याचा अर्थ अपंगत्व असा घेऊ नको. वय, भावंडं, वंश, आजाराचा धोका यांवरूनही राज्य मुलाला त्या गटात घालतं. आज मुलाला काही त्रास दिसत नसेल तर रक्कम शून्य ठेवून करार कर, म्हणजे बाराव्या वर्षी काही उपटलं तर दार उघडं राहील. करारासोबत मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, येतो. दरमहा मिळणाऱ्या फॉस्टर भत्त्यावर साधारणपणे केंद्राचा आयकर लागत नाही. दत्तकाची करसवलत २०२५ सालासाठी १७,२८० डॉलरपर्यंत होती, त्यातले ५,००० पर्यंत कर नसला तरी परत मिळायचे, आणि स्पेशल नीड्स ठरलेल्या मुलासाठी खिशातून काही खर्च झाला नसला तरी पूर्ण सवलत मागता येते. मात्र तुम्हा दोघांचे आयटीचे पगार मिळून एका मर्यादेच्या वर गेले तर ती घटत जाते; २०२५ सालासाठी ती २,५९,१९० डॉलरपासून घटायची आणि २,९९,१९० ला संपायची.

राहिलं तुमचं टेक्सासला जाणं. परवाना राज्याबरोबर संपतो, आणि मूल घरात असेल तर ते तुमच्यासोबत हलवायला दोन राज्यांमधल्या कराराखाली मंजुरी लागते, ज्याला महिने जाऊ शकतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर तुमच्या हातात जेमतेम साठ दिवस असतात. त्यामुळे नवऱ्याच्या बदलीचं नक्की होईपर्यंत प्रशिक्षण करा, घर तयार ठेवा, पण मूल घरी आणू नका. दत्तक पुरं झाल्यावर हललात तर अनुदान मुलाबरोबर येतं आणि मेडिकेड नव्या राज्यात सुरू करून घेता येतं.

सोमवारी फोन करशील तेव्हा वही जवळ ठेव. दोन्हीकडे हेच विचार: गेल्या वर्षी तुमच्या किती घरांत फॉस्टरमधून दत्तक पूर्ण झालं, किती मुलं आधीच्या घरातून हलवावी लागली, आणि होम स्टडीची प्रत आम्हाला मिळेल का, दुसऱ्या राज्याला पाठवाल का? शेवटच्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर आलं तर ते लिहून ठेव. टेक्सासला जायची वेळ आली की तोच कागद लागेल.

तुझी,
काकू