डावीकडे खोल, उजवीकडे ओरखडा

प्रश्न : यंदा गणपतीचं मखर स्वतः कोरायचं म्हणून ३०१८ प्रकारचं छोटं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं कोरीवकामाचं मशीन, घेतलं आणि घरीच जोडलं. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटवर) जाळी कोरताना डावीकडे कटर खोल जातो, उजवीकडे नुसता ओरखडा उमटतो. दोन कटर मोडले म्हणून फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला १०० मिमीवर आणला, तर आता जळका वास येतो. मशीनच खराब आलंय का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, मशीन परत पाठवू नका. भांडुपच्या टूलरूममध्ये मी तीस वर्षं काढली. तिथे नवीन मुलाच्या हातात आम्ही आधी बारीक फरक मोजणारा डायल गेज द्यायचो, मोटरचं बटण नंतर. तुमच्या छोट्या मशीनचंही तेच आहे.

पहिल्यांदा दोष कुठला ते ओळखा. तोच तुकडा उलट दिशेला फिरवून पुन्हा पकडा. खोल बाजू तुकड्याबरोबर फिरली, तर एमडीएफ वाकलंय. आपल्याकडच्या पावसाळी हवेत भिंतीला टेकवलेलं शीट पोट काढतंच. ते आडवं, वर वजन ठेवूनच राहू द्या. खोल बाजू डावीकडेच राहिली, तर टेबल लेव्हलला नाही. आणि काम पुढे जाईल तशी खोली वाढत गेली, तर कटर कॉलेटमधून, म्हणजे त्याला पकडणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीतून, खाली सरकतोय. ईआर-११ कॉलेट आधी नटमध्ये ‘टक्’ होईपर्यंत बसवायचं, मग नट स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या मोटरच्या दांड्याला) लावायचा आणि मग कटर घालून आवळायचा. कॉलेट नुसतं स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला, की कटर डगमगतो. तुमचे दोन कटर त्यामुळेही गेले असतील.

तुमच्या वर्णनावरून मला टेबलाचीच शंका येते. टेबलावर १२ मिमी एमडीएफची फळी खालच्या बाजूने स्क्रू मारून बसवा आणि सपाट कटरने तिच्यावरून ०.२ मिमीचा हात फिरवून घ्या, रंधा मारल्यासारखा. आता फळीवरून नख फिरवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये नख अडकलं, तर स्पिंडल तिरका आहे. प्लग काढा, कॉलेटमध्ये काटकोनात वाकवलेली जाड तार पकडा आणि स्पिंडल हाताने फिरवत तारेचं टोक चारही दिशांना फळीपासून सारख्या अंतरावर राहतं का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. गेज नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात मिळेल. तोवर साधा कागद चालेल, तो साधारण ०.१ मिमी जाड असतो. फरक आला तर स्पिंडलच्या ब्रॅकेटमागे कोल्ड्रिंकच्या कॅनची पातळ पट्टी घाला. मग फळीवरून पुन्हा एक हात फिरवा. आता फळी मशीनच्या चालीशी समांतर झाली. ती काढली, तर परत बसवल्यावर हे सगळं पुन्हा करावं लागेल.

जळका वास फीड कमी केल्यामुळेच येतोय. स्पिंडल मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर, कटर दोन धारांचा आणि फीड मिनिटाला १०० मिमी, म्हणजे एक धार जेमतेम ०.००६ मिमी खाते. ते कापणं नव्हे, घासणं झालं. त्यात धार तापते आणि मरते. फीड ४००–५०० करा आणि खोली कमी करा, कटरच्या एका हाताला ०.५ मिमी.

तुकडा पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या बाबतीत मी एकदा चुकलोय. प्रोग्रॅम थेट लाकडावर सोडला, कटर क्लॅम्पवर आदळला आणि कटरचा तुकडा माझ्या चष्म्यावर येऊन लागला. तेव्हापासून प्रत्येक नवीन प्रोग्रॅम मी आधी कटर २० मिमी वर उचलून हवेत चालवतो. तुम्हीही गॉगल घातल्याशिवाय बटण दाबू नका. एमडीएफची धूळ फार बारीक असते. लहान खोलीत एन-९५ मास्क आणि व्हॅक्यूम हवाच. मशीन चालू असताना तिथून उठू नका.

फळी झाली की चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागी १ मिमी खोलीचे छोटे चौकोन कोरा, त्यांची खोली व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि ते आकडे मला कळवा. जाळी त्यानंतर सुरू करू.