चक्कर म्हणजे नक्की काय होतंय?

प्रिय,

तुझा प्रश्न पटला. कान दुखत नाही, वाहत नाही, पडदा स्वच्छ दिसतो. मग संसर्ग आतल्या कानाचा आहे हे ओळखायचं कशावरून?

आधी पेशंटचा शब्द तपास. 'चक्कर' या एका शब्दात आपली माणसं काय काय भरतात! डोळ्यांपुढे अंधारी, अशक्तपणा, तोल जाणं, घर गरगर फिरणं, सगळंच. "चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं?" एवढं विचार आणि गप्प राहा. "अंथरुणासकट खोली फिरते, मान हलवली की उलटी होते" असं म्हणाला, की वेळ विचार. कुशीवर वळताना येऊन मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर संसर्गाची नसते, ती बहुधा आतल्या कानातले बारीक कण सरकल्याची. संसर्गाची चक्कर एक-दोन दिवस सोडत नाही, पुढे काही आठवडे चालताना झोक जातो. बरेचदा आधी सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. बुबुळं बघ: आजारी कानाकडे हळू सरकतात, झटक्याने परत येतात.

आणि ऐकू येतं का, हे विचारच. तोलाच्या नसेपुरती सूज असेल तर ऐकू नीट येतं. शंखापर्यंत, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या भागापर्यंत, गेली की कमी येतं, कानात आवाज होतो. माझ्याकडून हे एकदा राहिलं. माणूस उलट्यांनी बेजार, मी चक्कर थांबवण्याच्या मागे. तिसऱ्या दिवशी त्याने उजव्या हाताने फोन उचलला आणि डाव्या कानाला लावला. उजवा कान गेला होता. अशा वेळी स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर सुरुवातीचे दिवस मोलाचे; त्यातले तीन मी घालवले. अजून सलतं ते. तेव्हापासून ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, ठोकला की घुमणारा तो दोन दांड्यांचा चिमटा, खिशात असतो. ठोकून कपाळाच्या मध्यावर टेकव. आतला कान अधू असेल तर आवाज चांगल्या कानाकडे जातो.

बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतात, हातपाय लुळे पडलेत, आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, यातलं काहीही दिसलं तर कानात वेळ घालवू नकोस. स्ट्रोक समजून तिथूनच मोठ्या हॉस्पिटलात हलव. तापासोबत मान आखडली असेल तरीही तसंच हलव, मेंदूज्वर असू शकतो.

चक्करेच्या गोळ्या दोन-तीन दिवसच लिही. त्या लांबल्या तर मेंदू नवा तोल शिकायला उशीर करतो. उलटी थांबली की त्याला भिंतीच्या आधाराने चालायला लाव, घाबरला तर हात धर.