आधी डार्क करंट बघ
फोटोडिटेक्टरसाठी, म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरसाठी, पहिलाच पॉलिमर डिझाइन करतोयस, तर सोलर सेलची सवय आधी सोड. फोटोडिटेक्टरमध्ये अंधारात वाहणारा करंट, म्हणजेच डार्क करंट, किती कमी, यावर बरंच काही ठरतं. पी३एचटी हा नेहमीचा पॉलिमर साधारण ६५० नॅनोमीटरपर्यंतच प्रकाश शोषतो. त्यापुढे जायला साखळीत डोनर (इलेक्ट्रॉन देणारे) आणि ॲक्सेप्टर (इलेक्ट्रॉन ओढणारे) घटक आलटूनपालटून गुंफतात, त्याने बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उचलायला लागणारी ऊर्जा, घटतो. पण हाव धरू नकोस. गॅप अरुंद झाला की नुसत्या उष्णतेनेही चार्ज सुटतात, डार्क करंट चढतो. हवी ती तरंगलांबी गाठलीस की थांब.

आणि शुद्धीकरणात घाई अजिबात नको! स्टिले कपलिंग या साखळी जोडणाऱ्या अभिक्रियेनंतर उरलेलं पॅलेडियम (तिचा उत्प्रेरक) ट्रॅप बनू शकतं, म्हणजे चार्ज अडकवू शकतं. माझे कित्येक महिने त्यातच गेले. सॉक्सलेटमध्ये (द्रावकाने पुन्हापुन्हा धुणारं उपकरण) मेथॅनॉल, ॲसिटोन, हेक्झेनने धू, मग क्लोरोफॉर्मने पॉलिमर काढून घे. डिटेक्टरमध्ये पॉलिमरचा थर जरा जाड ठेवलास तर करंटची गळतीही कमी होते.