प्रश्नोत्तरे : विमानतळ आणि बागायती जमीन

प्रश्न : विमानतळासाठी आमच्या जमिनीची प्राथमिक अधिसूचना निघाली. ग्रामसभेचा विरोधाचा ठराव पुरेसा आहे का?

उत्तर : नाही. आधी नोटीस कोणत्या कायद्याची आहे ते पाहा. एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) कायद्याची असेल तर नोटिशीतली मुदत लागू. २०१३च्या भूसंपादन कायद्याची असेल तर कलम १५नुसार ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या आणि सुनावणी मागा. प्रत्येक खातेदाराची हरकत वेगळी हवी. एकाच छापील मजकुरावर सह्या केल्या की प्रत्येक गटाचे (जमिनीच्या तुकड्याचे) वेगळे मुद्दे हरवतात. विहीर, पाइपलाइन, झाडे यांच्या नोंदी सातबाऱ्यावर बहुधा अपुऱ्या असतात. त्या आणि ई-पीक पाहणी (मोबाइल अ‍ॅपवरची पीक नोंद) आजच तपासा. २०१३च्या कायद्याचे कलम १० बहुपीक बागायती जमिनीला काही अपवाद सोडून संरक्षण देते, पण दोन हंगामांच्या नोंदी दाखवल्या तर तो मुद्दा भक्कम होतो. हरकतीची पोच शिक्क्यासह घ्या.