सहा तलवारींची नाव

मागच्या पावसाळ्यात एक ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. वय चाळिशीच्या आसपास, घर सांगलीच्या गावभागात. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चार वर्षं त्या टॅरो वाचतात, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून पुढचं सांगतात, ओळखीच्या बायकांसाठी, पैसे न घेता. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेला पत्त्यांचा डेक काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मॅडम, हे तुमच्याकडेच राहू दे. माझ्या हातात नको."

झालं होतं असं. शेजारच्या वहिनींच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. वहिनी सहज विचारायला आल्या, ताईंनी एकच कार्ड काढलं आणि सिक्स ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे सहा तलवारींचं कार्ड निघालं. ताईंच्या पोटात गोळा आला आणि तोंडून निघून गेलं, "वहिनी, इतक्यात नका पाठवू तिला." वहिनींनी मुलीला थांबवलं. कंपनीने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. मुलगी आता जिन्यात समोर आली तर मान फिरवून जाते.

"क्लासमध्ये शिकवलं होतं, पहिला विचार येतो तोच खरा, तिथे डोकं लावायचं नाही," ताई सांगत होत्या. "मी तेच केलं. मग ते आतून आलेलं होतं की माझी भीती होती? मला फरकच कळत नाही मॅडम."

हा प्रश्न मला टॅरो न वाचणारेही विचारतात. मुलीला आलेलं स्थळ नाकारू का, ऑपरेशन पुढे ढकलू का, मन नाही म्हणतंय. सगळ्यांना एकच हवं असतं, मनावर विश्वास ठेवायला कुणीतरी हो म्हणावं. मी लगेच हो म्हणत नाही. आधी विचारते, कोणतं मन?

माझं मत मी ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं. पत्त्यांना पुढचं कळतं असं मी मानत नाही. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले. त्यांवरून भविष्य सांगण्याची पद्धत रुजली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. तरीही मी त्यांना डेक टाकून द्या म्हटलं नाही. त्यांच्यासमोर बसून बायका जे बोलतात ते घरी कुणाजवळ बोलत नाहीत, हे त्यांच्या बोलण्यातून मला दिसत होतं. ते मोलाचं आहे.

रुमाल सोडून मी ते कार्ड शोधायला सांगितलं.

"काय दिसतं?"

"संकट."

"संकट हा अर्थ झाला. चित्रात काय दिसतं?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नाव."

बाकीचं आम्ही दोघींनी मिळून पाहिलं. नावेत उभ्या रोवलेल्या सहा तलवारी. डोक्यावरून शाल घेतलेली बाई, शेजारी लहान मूल, दोघांची पाठ आपल्याकडे. मागे उभा राहून काठीने नाव रेटणारा नावाडी. समोर पलीकडचा काठ, त्यावर झाडं. ताईंचं बोट त्या बाईच्या शालीवर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"आम्ही असेच बाहेर पडलो होतो," त्या म्हणाल्या.

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी 57 फुटांपर्यंत गेलं. गावभागात पाणी शिरल्यावर सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन त्या बोटीत चढल्या. अंगावर सासूबाईंची शाल होती. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि माणसं गेली. ती बातमी त्यांनी नातेवाइकांच्या घरी टीव्हीवर पाहिली, मुलाला मांडीवर घट्ट धरून. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं, भिंतींना रंग लागला. या सगळ्याबद्दल त्या कुणाशी नीट बोलल्याच नव्हत्या. मुलगा मात्र अजून आंघोळीची बादली काठोकाठ भरू देत नाही.

दोन वर्षांनी त्या टॅरो शिकल्या, आणि नाव असलेलं ते कार्ड कुणासाठीही निघालं तरी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: कुठे जाऊ नका.

इथे मला फरक दाखवता आला. भीती पाठ केलेलं बोलते. समोर वहिनी असोत की मावशी, प्रश्न नोकरीचा असो की घराचा, तिचं वाक्य बदलत नाही. तिला घाई असते आणि ती हुकूम सोडते. आत खरोखर काही सुचलेलं असतं ते समोरच्या माणसाचं असतं, त्या दिवसाचं असतं, आणि बहुतेक वेळा फार साधं असतं. थांबून पुन्हा बघू म्हटलं तर ते पळून जात नाही. भीतीला मात्र पुन्हा बघितलेलं चालत नाही. पहिला विचार तोच खरा, हे शिकवणं म्हणूनच मला घातक वाटतं. जो विचार मनाने सगळ्यात जास्त वेळा घोटलेला असतो, तोच पहिला येतो.

"मग आतलं म्हणजे काय, ते असतं तरी का?" ताईंनी विचारलं. उत्तर त्यांच्या माहेरीच होतं. त्यांचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात काम करायचे. हळकुंड हातात घ्यायचे, मोडायचे, आतला रंग बघायचे आणि पोतं उघडायच्या आत माल कसा आहे ते सांगायचे. "बाबांना कसं कळायचं ते त्यांनाही सांगता यायचं नाही," ताई म्हणाल्या. पण बाबांनी हजारो हळकुंडं मोडली होती, आणि दर वेळी चूक की बरोबर हे तिथल्या तिथे दिसत होतं. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ अंतःप्रेरणेबद्दल एकमेकांच्या विरुद्ध मतांचे. 2009 मध्ये दोघांनी मिळून एक लेख लिहिला, त्यात ते इतक्यावर एकमत झाले: जिथे घटनांना काही नियम आहे, आणि दीर्घ सरावात आपलं चुकलं की बरोबर आलं हे कळत राहतं, तिथेच अंतःप्रेरणा भरवशाची होते.

ताई हुशार. लगेच म्हणाल्या, "म्हणजे नोकरीचं पुढे काय होईल हे कार्डावरून मला कधीच कळणार नाही."

नाही कळणार. कोणतं कार्ड निघतं आणि पुण्यात काय घडतं यात कसलाही नियम नाही. पण समोर बसलेल्या माणसाकडे बघण्याचा सराव होतो. कुठल्या चित्रापाशी तिचा हात थांबला, कुठे आवाज बारीक झाला, हे चार वर्षं बघणाऱ्या बाईला दिसायला लागतं. आणि बरोबर की चूक ते विचारून घेता येतं.

विचारतानाही जपावं लागतं. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांना स्वभावाचं वर्णन दिलं, प्रत्येकाला वाटलं ते खास आपलं आहे. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. तो किती जुळतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. "तुम्ही वरून हसता पण आतून दुखावलेल्या आहात" म्हटलं की कोण नाही म्हणेल? त्या होकारावर वाचणारीने फुलून जायचं नाही. समोरचीला नाही म्हणता येईल असंच बोलायचं.

ताईंना मी शंभर पानी वही घ्यायला सांगितली. कार्ड निघालं की आधी दिसतं तेवढंच मोठ्याने म्हणायचं: रंग, हात, पाणी, कोण कुणाकडे बघतंय. त्यांच्याकडचा डेक पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रांचा, 1909 मध्ये लंडनला पहिल्यांदा छापला गेलेला. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये आकड्यांच्या कार्डांवर नुसते ठिपक्यांसारखे पेले आणि तलवारी मोजून काढलेल्या असत. या डेकमध्ये 78 पैकी बहुतेक कार्डांवर माणसं आणि प्रसंग आहेत, म्हणून डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. मग सुचलेलं वाक्य तारखेसह लिहायचं. त्याखाली हेही लिहायचं की पोट आवळलं होतं का, आणि हे वाक्य आधी कधी कुणाला म्हटलंय का. महिन्याने पान उलटून पाहायचं. आजारपण, मरण आणि कोण जावं कोण राहावं, यांबद्दल काहीही सांगायचं नाही. ही अट माझी होती, त्यांनी ती मानली.

पुराबद्दलही आम्ही बोललो, पुढच्या पाच भेटी. खरं काम ते होतं. त्याचं मी इथे लिहिणार नाही.

तिसऱ्या भेटीत त्यांनी स्वतःच ते कार्ड काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. "मॅडम, हे मी कधी बघितलंच नव्हतं. नावेच्या या बाजूला लाटा आहेत आणि त्या बाजूला पाणी सपाट आहे." मग थोडं थांबून, "आणि आम्ही पोहोचलो होतो की."

वहिनींकडे जाऊन त्यांनी माफी मागितली. मुलीकडेही गेल्या. मुलगी ऐकून घेऊन आत निघून गेली. तिचं वर्ष वाया गेलं ते ताईंमुळे, हे मी त्यांना सौम्य करून सांगितलं नाही, त्यांनीही मला तसं करू दिलं नाही.

दिवाळीनंतर त्या शेवटच्या आल्या तेव्हा वही घेऊनच आल्या. एका पानावर मध्येच एवढंच लिहिलेलं: "मंगळवार. मावशींसाठी एट ऑफ कप्स. पाठमोरा माणूस, वर चंद्र. काही सुचलं नाही. तसं सांगितलं." मी विचारलं, मावशी काय म्हणाल्या? "काही नाही," ताई म्हणाल्या. "चहा टाक म्हणाल्या. मग दोन तास त्याच बोलत होत्या."