खडा आवडला, पण हाताला चालेल का?

प्रश्न : ताई, आमचं लग्न ठरतंय. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिला पाचूचा हिरवा रंग अतिशय आवडतो, म्हणून साखरपुड्याला पाचूचीच अंगठी करायची आणि तिला आधी काही कळू द्यायचं नाही, असं मनात आहे. मित्र म्हणतात, हिराच घे आणि उंच बसव, म्हणजे उठून दिसेल. तिच्या बोटाचं मापही मला माहीत नाही. काय करावं?

उत्तर : तिच्या आवडीच्याही आधी तुम्ही तिचं काम लिहिलंत, ते फार बरं केलंत. मी जडकाम करते, आणि माझ्याकडे नव्या अंगठ्यांपेक्षा दुरुस्तीच्या अंगठ्या जास्त येतात. त्यामुळे खडा पहिल्या दिवशी कसा दिसतो, यापेक्षा काही वर्षं वापरल्यावर त्याचं काय होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर असतं. कड उडालेला पाचू त्यात वरचेवर असतो.

पाचू तसा मऊ नाही. कठीणतेच्या मोह्स श्रेणीत हिरा 10 वर, माणिक आणि नीलम 9 वर, तर पाचू 7.5 ते 8 च्या दरम्यान येतो. हवेतल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, त्यांची कठीणता 7. त्यामुळे ओपल किंवा मोती नुसता धुळीसकट पुसला तरी हळूहळू ओरखडत जातो. पाचू त्या बाबतीत तग धरतो. त्याचं दुखणं आत असतं. बहुतेक पाचूंमध्ये जन्मजात बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल किंवा राळ भरलेली असते. दिवसातून अनेकदा साबण, गरम पाणी आणि सॅनिटायझर लागत राहिलं की ते तेल निघत जातं, खडा निस्तेज होतो आणि लपलेल्या भेगा वर येतात. त्यात लोखंडी खाटेच्या कडेवर एकदा हात आपटला, तर भेगेच्या जागी टवका उडतो. टवका उडालेला पाचू पुन्हा पैलू पाडून लहान करण्यावाचून इलाज नसतो.

म्हणजे पाचू नकोच, असं मी म्हणणार नाही. आवडता रंग बोटात असण्याचा आनंद मोठा असतो आणि तो मी कुणाचा हिरावून घेणार नाही. पण पाचू घ्यायचा तर बसका आणि बंद कोंदणात घ्या, म्हणजे खड्याची कड सगळीकडून धातूच्या आत राहील. कोपरे असलेल्या चौकोनी खड्यापेक्षा लंबगोल बरा, कारण आधी उडतात ते कोपरे. विकणाऱ्याकडून खड्यात तेल किती भरलंय, हे प्रमाणपत्रावर लिहून घ्या. आणि अल्ट्रासॉनिक यंत्रात, म्हणजे ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या यंत्रात, तो कधीही धुवायला देऊ नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, बस्स.

हिरवा हवा पण इतकं जपायला नको, असं असेल तर दोन खडे पाहून ठेवा. हिरवा नीलम कठीणतेत 9 चा, मोडायला अवघड, पण त्याचा हिरवा बहुधा शेवाळी किंवा निळसर असतो. पाचूवर जीव असलेल्या माणसाला तो पटेलच असं नाही. दुसरा त्साव्होराइट, हा गोमेदाच्या जातीतला हिरवा गार्नेट. कठीणता 7 ते 7.5, पाचूपेक्षा किंचित कमीच, पण रंग भरदार आणि तेल भरलेलं नसतं. मोठ्या आकारात तो क्वचित मिळतो. माझा कौल मागाल तर तिच्या कामाचा विचार करून मी त्साव्होराइट बंद कोंदणात बसवून देईन.

आता मित्रांचा हिरा. हिऱ्याशिवाय साखरपुडा नाही, ही समजूत फार जुनी नाही. ‘हिरा सदासर्वकाळ’ या अर्थाचं डी बिअर्स या हिरे कंपनीचं प्रसिद्ध घोषवाक्य 1947 सालचं. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायना यांची 1981 सालची साखरपुड्याची अंगठी नीलमाची होती आणि आज तीच त्यांच्या सूनबाई केट यांच्या बोटात आहे. हिरा कठीण आहे म्हणजे त्यावर ओरखडा सहजी पडत नाही, एवढंच. विशिष्ट दिशेने घाव बसला तर तोही फुटतो. आणि उंच बसवायचा आग्रह तर सोडूनच द्या. खडा धरून ठेवणारे धातूचे बारीक दात, ज्यांना आम्ही प्रॉंग म्हणतो, ते उंच असले की कपड्यात, केसांत आणि हातमोज्यात अडकतात. तिचे हात दिवसभर दुसऱ्याच्या अंगावर असतात. दुखऱ्या पाठीवर प्रॉंगचा ओरखडा उठला, तर ती दुसऱ्या दिवशीच अंगठी डब्यात ठेवेल.

कदाचित कामावर तिला अंगठी काढावीच लागत असेल. रुग्णाला हात लावणाऱ्यांनी खड्याची अंगठी घालू नये, असा नियम बऱ्याच रुग्णालयांत असतो. म्हणून मी सांगते, खडा निवडायच्या आधी तिला एवढं विचारा, ‘अंगठी सतत बोटात राहावी असं वाटतं, की घरी आल्यावर घातली तरी चालेल?’ सतत हवी असेल तर खड्याविना सपाट कडी किंवा कडीच्या आत बसवलेला लहानसा खडा. घरीच घालायची असेल, तर पाचू बिनधास्त घ्या. अचानक देण्याची हौस मला समजते. वेळ आणि जागा गुपित ठेवा, अंगठी ठेवू नका.

धातूचं थोडक्यात. 22 कॅरट सोनं प्रॉंगसाठी मऊ पडतं, दात वाकतात. 18 कॅरट (आत 750 असा शिक्का) किंवा 14 कॅरट (585) घ्या. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो वापराने जातो आणि पुन्हा चढवावा लागतो. शिवाय त्यात निकेल असेल तर काहींच्या बोटाला खाज सुटते. तिला साध्या कानातल्यांचा त्रास होत असेल तर आधी ते विचारून घ्या. प्लॅटिनम जड आणि चिवट, पण ओरखडे त्यावरही पडतात.

माप. ती अनामिकेत एखादी अंगठी घालत असेल तर तिचा आतला व्यास मोजा, पण कोणत्या हातातली ते लक्षात ठेवा. ज्या हाताने माणूस काम करतो, त्याची बोटं बहुधा जरा जाड असतात. बोटं सकाळी आणि थंडीत बारीक होतात, संध्याकाळी आणि उकाड्यात फुगतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावं. पेराच्या सांध्यावरून अंगठी जरा अडून जावी आणि खाली घट्ट न वाटता बसावी. कडी रुंद असेल तर तेच माप घट्ट लागतं. सगळीकडून खडे जडवलेल्या कडीचं माप पुढे बदलता येत नाही, टंगस्टनचंही नाही. माप नक्की नसताना यांतलं काही घेऊ नका.

प्रश्न : प्रयोगशाळेत बनवलेला हिरा खरा असतो का? आम्हा दोघांना मोठा खडा हवाय आणि पैसे बेताचे आहेत.

उत्तर : खरा असतो. तोही कार्बनच, कठीणता तीच, चमक तीच. 1954 साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी असा हिरा तयार केला. खाणीतला आणि हा, नुसत्या डोळ्यांनी मलाही वेगळे सांगता येत नाहीत, त्याला यंत्रं लागतात. मात्र त्यांच्या किमती गेल्या काही वर्षांत खूप उतरल्या आहेत, तेव्हा पुढे विकून पैसे येतील या हिशेबाने घेऊ नका. मॉइसनाइट हा वेगळाच खडा. त्याचे सप्तरंगी झोत हिऱ्यापेक्षा जास्त. हिरा म्हणून तो कुणी विकत असेल तर ती फसवणूक. मॉइसनाइट म्हणून घेतलात तर उत्तम.

आणि मोठा म्हणजे किती, तेही बघा. खड्याच्या बाबतीत कॅरट म्हणजे वजन, सोन्यासारखी शुद्धता नव्हे. 1 कॅरटचा गोल हिरा सुमारे 6.5 मिलिमीटरचा आणि 2 कॅरटचा सुमारे 8.2 मिलिमीटरचा. वजन दुप्पट झालं तरी रुंदी जेमतेम पावपट वाढते. त्यापेक्षा पैलूंची घडण पहिल्या प्रतीची घ्या. खराब घडणीच्या खड्यात वजन पोटात दडलेलं असतं, वर दिसत नाही आणि प्रकाश खालून निसटून जातो. हिरा किती रंगहीन आहे, याची प्रत डी पासून पुढच्या इंग्रजी अक्षरांनी देतात. त्यांत डी, ई, एफ च्या मागे धावू नका. पिवळ्या सोन्यात ‘जे’ (J) अक्षराचा हिराही पांढराच दिसतो.

प्रश्न : आजीच्या अंगठीतला हिरा काढून माझ्यासाठी नवी अंगठी करायची आहे. सराफ म्हणतात, हिरा जुन्या पद्धतीचा आहे, नव्याने पैलू पाडून घ्या. करू का?

उत्तर : नका करू, मनापासून सांगते. खड्याच्या मधोमध वरून पाहिल्यावर बारीकसं वर्तुळ दिसतं का? तसं असेल तर तो हाताने पैलू पाडलेला जुना हिरा असण्याची शक्यता फार. त्याचे पैलू मोठे, त्यामुळे मंद दिव्याखाली तो जाड, संथ लकाकतो. नव्या पैलूंसाठी घासला की वजन जातं आणि ती लकाकीही जाते.

खडा काढण्याआधी त्याचं वजन, व्यास आणि कडेवरचे टवके भिंगातून तुमच्यासमोर पाहून लिहून घ्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. खडा मोकळा झाला की पुन्हा वजन करा. जुन्या कडीचं सोनं वितळवून नवी कडी करण्याचा मोह होईल, पण त्यात रेणाचे, म्हणजे सांधे जोडायच्या धातूचे, अंश असतात आणि ओतीव कामात त्यांनी छिद्रं पडतात. नव्या अंगठीला नवं सोनं वापरा. आजीची कडी न मोडता तशीच ठेवता येईल, किंवा तिच्या रिकाम्या बैठकीत एखादा लहान नीलम बसवून करंगळीत घालता येईल.